वरचे पैसे

दिवाळीच्या साफसफाईत कोणाच्या हाती काय लागेल याचा नेम नसतो. 2023 साली वसुबारसेच्या दोन दिवस आधी आमच्या कन्येच्या हाती पोस्टाचे एक पासबुक लागले, आणि माझ्या तोंडातली चकली मऊ पडली.

पुण्याच्या वसतिगृहातून ती नाशिकला आल्या आल्या माळ्यावर चढली होती. तिथली पत्र्याची पेटी माझ्या वडिलांची. ते नाशिकरोडच्या सरकारी मुद्रणालयात होते. टपालाची तिकिटे तिथे छापली जात, तशी बचतपत्रेही. त्यामुळे त्या कागदावर वडिलांचा जो विश्वास होता तो बँकेवर कधी बसला नाही. 2016 साली छापील पत्रे बंद होऊन पासबुक आले, तरी मी वडिलांच्याच वाटेने गेलो. जुलै 2017 मध्ये एक लाख रुपये राष्ट्रीय बचतपत्रात घातले, पाच वर्षांसाठी, 7.8 टक्क्यांनी. मुलीच्या कॉलेजसाठी. (त्याआधी 2015 मध्ये सुकन्या समृद्धीचा फॉर्म आणला होता. तिच्यातले व्याज करमुक्त. तो फॉर्म अजून त्या पेटीतच आहे, कोरा.)

"बाबा, एक लाखाचे 1,45,577 झाले," कन्या पेटीवर बसूनच म्हणाली. "वरचे पंचेचाळीस हजार रिटर्नमध्ये दाखवलेत ना?"

"ते तुझ्या शिक्षणाचे पैसे. ती काय माझी कमाई?"

"फी माझी. व्याज तुमचे."

स्वयंपाकघरातून सौ. मदतीला धावल्या. "अहो, पोस्टाने कर कापला का? नाही ना? मग सरकारलाच नको असेल!"

खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत होते. पाच वर्षे मी त्या रकमेला पैसे समजलोच नव्हतो. घराचे छप्पर गळले, स्कूटरने दम तोडला, पण पासबुकाला हात लावला नाही. जी गोष्ट आपण स्वतःसाठी कधी वापरली नाही, तिच्यावर कर कसला? ह्या युक्तिवादावर मी रात्री बारापर्यंत झोपलो होतो. मग आठवले, की 2017 साली हीच रक्कम दाखवून मी करात सवलत घेतली होती. तेव्हा ते पैसे माझे आहेत हे मला पक्के ठाऊक होते.

सकाळी गल्लीतल्या करसल्लागारांकडे गेलो. ते हसले. "मास्तर, दरवर्षीचे व्याज त्या त्या वर्षी दाखवायचे. पहिल्या चार वर्षांचे व्याज पुन्हा गुंतवले असे धरतात, त्यामुळे दीड लाखाच्या मर्यादेत तेवढीच वजावट मिळाली असती. शेवटच्या वर्षाचे साडेदहा हजार तेवढे अंगावर आले असते. आता सगळे एकदम."

"आणि जुलैत भरलेले विवरणपत्र?"

"कलम 139, पोटकलम 5. सुधारित भरा. 31 डिसेंबरपर्यंत मुदत आहे."

माझ्या उत्पन्नाला वीस टक्के, वर उपकर. हिशेब साडेनऊ हजारांच्या आसपास गेला. आकडा ऐकून मी जरा बसलो. जवळजवळ तेवढेच पैसे कपाटात वेगळे काढलेले होते. पाडव्याआधी येवल्याला जाऊन सौ.साठी पैठणी घ्यायची असे तीन वर्षे घोकून त्या साली ठरले होते.

वसुबारसेच्या संध्याकाळी, अंगणात पणती लावून झाल्यावर, कन्या संगणकापुढे बसली. आधी कराचा भरणा, मग अर्ज. 'मूळ की सुधारित?' ह्या प्रश्नापाशी तिने माझ्याकडे पाहिले. मूळ विवरणपत्राचा पोचक्रमांक आणि तारीख तिथे लिहावी लागते; आपली चूक कुठली, हे आपणच दाखवून द्यायचे. 'इतर स्रोतांपासून उत्पन्न' ह्या रकान्यात तिने 45,577 लिहिले. माझ्या फोनवर सहा आकडे आले, ते मी वाचले, तिने दाबले.

सौ. दारात उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, हे मला जड गेले.

पाडव्याला त्यांनी ओवाळले. मी ताटात 501 रुपये घातले. त्यांनी नोटा नीट मोजल्या, ताट खाली ठेवले आणि कन्येला विचारले,

"हे कुठल्या रकान्यात लिहायचे गं?"