देवबागची टेप

युनिक्स या संगणकप्रणालीत प्रत्येक यंत्राला फाइल मानतात. छपाईयंत्र ही फाइल, पडदा ही फाइल, टेप लावायचे यंत्र हीसुद्धा फाइल. या सगळ्या फाइलींचे एक ठरावीक घर असते. इंग्रजी 'डिव्हाइस' या शब्दाचे ते तीन अक्षरी लघुरूप. खरा उच्चार 'डेव्ह', पण आमच्या बँकेच्या संगणक विभागात सगळेच त्याला 'देव' म्हणत. त्यातल्या त्यात माझा रात्रपाळीचा जोडीदार. तो देवबागचा. कमांड टाइप करताना तो मोठ्याने वाचायचा, आणि 'देव' आला की माझ्याकडे बघून हसायचा. याच घरात 'नल' नावाची एक फाइल असते. तिच्यात काहीही टाका, ती सगळे गिळते आणि परत काही देत नाही. तो म्हणायचा, "आमच्या गावात पण तसाच. दर्यान घेतलेला परत येवचा नाय."

देवबाग ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातली गंमत आणि त्यामागची काळजी दोन्ही कळतील. मालवणच्या दक्षिणेला तारकर्लीच्या पुढे जमिनीची एक चिंचोळी पट्टी जाते. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांचा संगम. काही ठिकाणी एका दारातून समुद्र आणि मागच्या दारातून खाडी दिसते. किनाऱ्याला दगडांचे बंधारे घातले आहेत, तरी प्रत्येक पावसाळ्यात माडांच्या मुळांखालची वाळू थोडी सरकतेच. हल्ली पर्यटक येतात, नदीतल्या वाळूच्या बेटावर होड्या जातात. २००४ च्या डिसेंबरात आलेल्या त्सुनामीचे नाव लोकांनी त्या बेटाला दिले आहे.

आम्ही दोघे १९८९ साली मुंबईतल्या एका बँकेत ऑपरेटर म्हणून लागलो. दिवसअखेरचे हिशेब जुळले की टेपवर नक्कल घ्यायची, ही आमची मुख्य जबाबदारी. पाव इंच रुंदीच्या पट्टीची ती जाड काडतुसे असत. एकात दीडशे मेगाबाइट मावत. आज मोबाइलवर लग्नाचा एक व्हिडिओ येतो, त्यालाही ती पुरणार नाहीत. त्या वेळी मात्र एका शाखेचे अख्खे दैव तेवढ्यात बसत असे. कमांडचे नाव 'टार'. टेप आणि अर्काइव्ह या दोन शब्दांचा तो जोड, १९७९ च्या युनिक्सपासून चालत आलेला. त्याच्यापुढे एकेक अक्षर लावायचे. 'सी' म्हणजे नवे तयार कर, 'एक्स' म्हणजे टेपवरून बाहेर काढ, 'टी' म्हणजे नुसती यादी दाखव, 'व्ही' म्हणजे करताना बोलत राहा, 'एफ' म्हणजे पुढे सांगतो त्या फाइलवर. आता गंमत अशी की कळफलकावर 'एक्स' आणि 'सी' या कळा शेजारी शेजारी आहेत. बुडालेला हिशेब टेपवरून परत काढायला बसावे, घाईत बोट एका कळीने उजवीकडे सरकावे, आणि यंत्राने मुकाट्याने त्याच टेपवर नवे लिहायला घ्यावे! यंत्र विचारत नाही. म्हणून टेप परत वाचायची असेल तर आधी तिच्या अंगावरची लिहिण्याची खिट्टी बंद करायची, मगच ती यंत्रात घालायची, हा आमच्या विभागाचा दंडक होता. बिस्मिल्लाहसारखा.

दुसरी अडचण उलगडण्या-गुंडाळण्याची. टेपला दोन नावे असतात. एका नावाने हाक मारली तर काम संपताच ती आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाच्या आधी 'एन' लागतो. त्या नावाने हाक मारली तर ती जिथे थांबली तिथेच उभी राहते. एका टेपवर दोन नकला एकापुढे एक घ्यायच्या असतील तर 'एन'वाले नाव हवे. नाहीतर दुसरी नक्कल पहिलीच्या उरावर बसते आणि पडद्यावर सगळे ठीक दिसते. टेप मागे-पुढे करायला 'एमटी' नावाची वेगळी कमांड: रिवाइंड, एक खूण पुढे जा, कुठे आहेस ते सांग. टेपला अनुक्रमणिका नसते. शेवटचे हवे असेल तर आधीचे सगळे ओलांडूनच जावे लागते.

टेपांची पाळी ठरलेली असे. रोजची ती 'मुलगा', आठवड्याची ती 'बाप', महिन्याची ती 'आजा'. ही नावे आमची नव्हेत. साऱ्या जगात याच नावांनी ही पद्धत ओळखतात. मुलगा दर आठवड्याला पुसून पुन्हा लिहिला जाई, बाप महिनाभर टिके, आणि आजा दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात जाऊन बसे. आमच्याकडे शजरा सांगताना माणसे आजा-पणजापर्यंत सहज जातात आणि धाकट्या चुलतभावाचे नाव विसरतात, त्याची मला आठवण होई.

मदरशात मी हिफ्ज केले नाही. धाकट्या भावाने केले. हिफ्ज, हाफिज, हिफाजत, महफूज हे सगळे एकाच धातूचे शब्द. पाठ करणे आणि राखणे यांत अरबी भाषा फार अंतर ठेवत नाही. भाऊ तरावीह पढवायला उभा राहिला की त्याच्या मागे पहिल्या सफेत दुसरा हाफिज उभा असे. तो फक्त ऐकण्यासाठी. कुठे अडखळले, कुठे एका आयतीवरून सारख्याच शब्दांच्या दुसऱ्या आयतीवर गाडी गेली, की मागून लुकमा येई. पढवणारा कितीही जाणता असो, लुकमा घेण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. दर रमजानमध्ये हजरत जिब्रील पैगंबरांबरोबर कुरआनचा दौर करीत, आणि शेवटच्या वर्षी तो दोनदा झाला, ही रिवायत आपल्याला लहानपणापासून माहीत असते. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले तेव्हा हजरत उमर यांनी हजरत अबू बक्र यांना गळ घातली, आणि हजरत जैद बिन साबित यांनी खजुराच्या फांद्यांवर, पातळ दगडांवर लिहिलेले आणि माणसांच्या छातीत असलेले असे दोन्ही ताडून एकत्र केले. ती प्रत पुढे हजरत हफ्सा यांच्याकडे राहिली, आणि हजरत उस्मान यांच्या काळात तिच्यावरून नकला होऊन शहराशहरांत गेल्या. वह्य आणि बँकेचे खाते यांची बरोबरी मी करीत नाही, कुणी करूही नये. मला दिसते ती माणसांची खबरदारी. एकट्या कागदावर ते विसंबले नाहीत, एकट्या स्मरणावरही नाहीत.

ही खबरदारी नसली की काय होते ते आम्ही जवळून पाहिले. एका कार्यालयात, नाव सांगत नाही, शिपाई रोज संध्याकाळी इमानेइतबारे टेप बदलीत असे. वहीत सही होत असे. डिस्क गेली तेव्हा कळले की यंत्राचे डोके झिजून महिने झाले होते आणि साऱ्या टेपांवर निव्वळ सरसर होती. 'टी' लावून यादी बघायला दोन मिनिटे लागली असती, पण ते कुणाच्या कामाच्या यादीत नव्हते. मग तीन आठवडे माणसे बसवून कागदी पावत्यांवरून सगळे पुन्हा भरावे लागले. याच्या उलटही घडते. २०११ च्या फेब्रुवारीत गूगलच्या एका नव्या बदलातल्या दोषामुळे जीमेलच्या काही खातेदारांची पत्रे दिसेनाशी झाली. गूगलने सांगितले की वेगवेगळ्या ठिकाणच्या संगणकांवरच्या प्रतींवरही दोषाचा परिणाम झाला, पण टेपा यंत्राबाहेर होत्या म्हणून वाचल्या, आणि पत्रे त्यांच्यावरून परत आली. म्हणजे जगातल्या त्या एवढ्या मोठ्या कंपनीलाही शेवटी आमच्या आजाच्या कपाटाकडेच जावे लागले.

२००१ साली बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट होती. मित्राने अर्ज दिला, जुन्या सामानाच्या लिलावातून एक संगणक आणि चार मिलिमीटरच्या डॅट टेपचे यंत्र घेतले आणि तो देवबागला गेला. मी मुंबईत राहिलो. २००२ च्या मे महिन्यात आईला घेऊन आठ दिवस त्याच्याकडे गेलो होतो. कोकणी मुसलमानांच्या लग्नांत हळदीला, मेंदीला, नवरी निघताना बायका जी गाणी म्हणत, त्यातली कितीतरी आईला येत होती. तिच्या वयाच्या बायका कमी होत चालल्या होत्या आणि लग्नात कॅसेट वाजू लागल्या होत्या. मित्राच्या पडवीत बसून ती म्हणायची आणि आम्ही आळीपाळीने टाइप करायचो. मित्राची आई मधेच म्हणायची, "ह्या तर आमच्यात पण हा," आणि मग दोघींचे वेगळेच सुरू व्हायचे. टाइपिंग सी-डॅकच्या मराठी कार्डावर, तिथून फ्लॉपीने युनिक्सच्या यंत्रावर, आणि शेवटी टेपवर. दोन टेपा केल्या. एक देवबागला राहिली, एक मी कुर्ल्याला नेली. आईच्या वहीची मूळ पाने माझ्याकडेच होती.

आईचा इंतकाल २००४ साली झाला. पुढच्याच वर्षी, २६ जुलैला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी आमच्या तळमजल्यात शिरली. वही गेली, टेप गेली. सोसायटीतल्या कुणाचेच काही राहिले नाही, तेव्हा गाण्यांचे कुणाजवळ बोलणार?

मग २०२१ चा मे. तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून वर सरकले. देवबागला कौले उडाली, माड आडवे झाले, वीज कितीतरी दिवस नव्हती. मित्राचा संगणक भिजून कायमचा बसला. त्याने फोनवर आधी माणसे सुखरूप असल्याचे सांगितले, मग होडीचे, आणि सगळ्यात शेवटी, "तुझी टेप बरणीत आसा." लोणच्याची चिनी मातीची बरणी, तोंडावर मेण लावलेली. कोकणच्या दमट हवेत कॅसेटच्या पट्टीवर पांढरी बुरशी चढते हे त्याला ठाऊक होते. वीस वर्षे ती बरणी तांदळाच्या कणगीत उभी होती.

टेप होती, पण ती वाचणारे यंत्र नव्हते. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत दीड वर्ष विचारत राहिलो. शेवटी एका जुन्या सामानवाल्याकडे पुढच्या पिढीचे डॅट यंत्र मिळाले, जे मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचते. २०२२ च्या डिसेंबरात ते घेऊन देवबागला गेलो. भाच्याने त्याच्या संगणकात जुन्या जातीचे कार्ड बसवले, वर लिनक्स घातले. खिट्टी बंद. टेप आत. 'एमटी'ने स्थिती विचारली, ती सुरुवातीला होती. आम्ही टेपवर थेट 'टार' चालवला नाही. जुनी पट्टी किती वेळा ओढली जाणे सोसेल याचा भरवसा नसतो. म्हणून आधी ठोकळ्याचा आकार शून्यावर ठेवला, म्हणजे टेपवर जो आकार असेल तो यंत्र मान्य करते, आणि 'डीडी' या कमांडने पट्टीवरचे सगळे जसेच्या तसे डिस्कवर ओतून घेतले. चूक आली तर थांबू नको, तेवढी जागा मोकळी सोडून पुढे जा, असेही त्याला सांगितले. यंत्र सुरळीत चालत होते. मधेच एका जागी ते मागे-पुढे घुटमळले, कर्रकर्र आवाज आला, आणि मग पुढे निघाले. मित्र म्हणाला, "लुकमा व्हयो तेका." तीस वर्षांच्या सोबतीत हा शब्द त्याने माझ्याकडूनच उचलला होता.

यादी आली. फाइलींची नावे, तारखा, मे २००२. उघडल्या तर पडद्यावर नुसती चिन्हे. भाच्याचा चेहरा पडला. आम्ही दोघे मात्र हसलो, कारण यात बिघाड काहीच नव्हता. तेव्हा युनिकोड आमच्यापर्यंत पोहोचले नव्हते. हे 'इस्की'तले मराठी होते, भारतीय मानक संस्थेने १९९१ साली ठरवलेल्या संकेतांतले. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी याच घराण्यातून आली आहे, त्यामुळे एका तक्त्याने एकाचे दुसऱ्यात होते. एखाद्या खासगी फॉन्टमध्ये टाइप केले असते तर तो फॉन्ट शोधत फिरावे लागले असते. भाच्याने तासाभरात तक्ता लिहिला आणि आईचे शब्द ओळीने उभे राहिले. मित्राच्या आईने मधे टाकलेली टिप्पणीसुद्धा आम्ही त्या वेळी टाइप केली होती, तीही आली.

एकेचाळीस गाण्यांपैकी चाळीस पूर्ण मिळाली. यंत्र जिथे घुटमळले तिथे नवरीच्या पाठवणीचे एक गाणे होते. त्याची सुरुवात होती, शेवट होता, मधल्या सात-आठ ओळींच्या जागी पोकळी.

मालवणला आईची धाकटी बहीण आहे. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे तिच्याकडे गेलो आणि मी सुरुवातीच्या ओळी तिच्या कानाशी म्हणू लागलो. तिसऱ्या ओळीला तिने हात वर करून मला थांबवले. "तसा नाय रे ता. तुझी आवस ह्या पयल्यापासून चुकीचा म्हणत होती." आणि तिने सगळे गाणे अथपासून इतिपर्यंत म्हटले. मधल्या ओळी मिळाल्या, पण सुरुवातही वेगळी निघाली आणि शेवटही. नवरीच्या बापाच्या जागी तिच्या गाण्यात मामा होता. मी म्हटले, खाला, आईने लिहून ठेवलेय. ती म्हणाली, लिहिलेला काय खरा असता?

भाच्याने विचारले, कोणते ठेवायचे? मित्राने संगणक पुढे ओढला आणि दोन फाइली केल्या, एक आईच्या नावाने पोकळीसकट, एक खालाच्या नावाने. मग एक प्रत देवबागला, एक मुंब्र्याला, एक भाच्याकडे पुण्याला. टेप पुन्हा बरणीत घातली. खाला अजून म्हणते की दुसरी फाइल पुसून टाका.