पिंगळ्याची नजर

नुसते पाहणे आणि दर्शन यांत फरक कोणता, असा प्रश्न कीर्तनात नेहमी निघतो. त्याचे थोडेसे उत्तर मला पाखरांच्या डोळ्यांत सापडले.

मागच्या वैशाखात वादळाने आमच्या चिंचेच्या ढोलीतला पिंगळा अंगणात पाडला. पंख भिजले होते, मोडतोड नव्हती. ‘अपशकुनी पाखरू घरात कशाला?’ असे शेजारी म्हणाले. आई म्हणाली, ‘त्याच्यातही तोच आहे.’ दिवसभर तो डालग्याखाली होता, दिवेलागणीला उडून गेला.

तेवढ्या वेळात त्याचे पिवळेधमक डोळे जवळून पाहिले. घुबडाच्या जातीचा डोळा नळीसारखा लांबट असतो आणि खोबणीत घट्ट बसलेला असतो. तो आपल्यासारखा इकडेतिकडे फिरत नाही. बाजूला पाहायचे तर अख्खी मान वळवावी लागते. आपल्या मानेत 7 मणके, त्याच्या मानेत 14; म्हणून ती 270 अंशांपर्यंत वळते. आपले हात देवापुढे जोडलेले आणि डोळा बाहेर काढलेल्या चपलांकडे, असे पुष्कळदा होते. पिंगळ्याला ती सोयच नाही. जिकडे नजर, तिकडे सगळे तोंड.

पारवा चालताना मान डोलावतो असे वाटते. खरे तर तो डोके पुढे नेऊन क्षणभर स्थिर धरतो आणि अंग मागून येते. त्यामुळे समोरचे त्याला हलताना दिसत नाही. वारीची वाटचाल तरी दुसरी काय आहे? पाय चालतात, चित्त एका ठायी.

शिवाय रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यांत तीन प्रकारच्या, दिवसा वावरणाऱ्या बहुतेक पाखरांत चार प्रकारच्या. आपल्याला न दिसणारे रंग त्यांना दिसतात. म्हणजे धडधाकट डोळ्यांनाही सगळे दिसत नाहीच.

हे सारे मनात घोळते, कारण आमच्या अण्णांना काचबिंदू आहे. कडेची नजर गेली, समोरचे तेवढे नळीतून पाहावे तसे दिसते. गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी उरलेली राखायची, असे डॉक्टरांनी सांगितले. यंदा ते माझ्या खांद्यावर हात ठेवून दिंडीत चालले. दर्शन झाल्यावर हसून म्हणाले, ‘आजूबाजूचे काही दिसले नाही, विठोबाच तेवढा दिसला.’ रात्री राहुटीत मात्र हळूच विचारले, ‘पुढच्या वारीपर्यंत एवढे तरी राहील का रे?’ मला उत्तर देता आले नाही.

माउली, काचबिंदू बहुधा दुखत नाही, म्हणून उशिरा कळतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी वारीला निघण्याआधी डोळे जरूर तपासून घ्यावेत. अण्णांच्या डोळ्यांत मी सकाळी काकड्यानंतर आणि रात्री निजताना थेंब घालतो. त्या वेळी ते नामस्मरण करीत स्थिर बसतात. देवाने दिलेली नजर जपणे, हीही सेवाच आहे.