ऋतूंचा दाखला

पौषाची थंडी पुण्यात नीट मुक्काम करून बसली, की एम्प्रेस गार्डनमधल्या जुन्या वृक्षांच्या सावलीत पुष्पप्रदर्शनाचे मांडव उभे राहतात आणि प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे तिथे लोटणाऱ्या गर्दीत मीही असते. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही १८३० साली स्थापन झालेली संस्था हे प्रदर्शन भरवते. गुलाब, बोन्साय, कुंड्यांतली हंगामी फुले हे सारे डोळे भरून पाहावे असेच असते. परंतु माझे पाय अखेर वळतात ते जपानी पद्धतीच्या पुष्परचनांकडे, जिथे एखादी वाकडी फांदी, दोन पाने आणि एक अर्धोन्मीलित कळी एवढ्याच सामग्रीवर एका संपूर्ण ऋतूचा भार तोलून धरलेला असतो.

मी राजूरची. अकोले तालुक्यातल्या या गावात, सह्याद्रीच्या ऐन कुशीत, मी पाहिलेले पहिले प्रदर्शन फुलांचे नव्हते, डांगी जनावरांचे होते. हिवाळ्यात भरणाऱ्या त्या प्रदर्शनासाठी डोंगरपट्टीतले शेतकरी आपले पांढऱ्या अंगावर काळे-तांबडे ठिपके असलेले बैल घेऊन येत. या जातीच्या कातडीतून एक तेलकट द्रव स्रवतो, त्यामुळे इकडचा मुसळधार पाऊस त्यांच्या अंगावर ठरत नाही, आणि त्यांचे काळे खूर खडकाळ वाटांवरही दगा देत नाहीत. परीक्षक बैलाभोवती सावकाश फेरी मारीत, खूर निरखीत, पाठीवरून हात फिरवीत, त्याला चार पावले चालवून पाहत आणि मगच कागदावर काही टिपून घेत. ज्या भूमीत आणि ज्या पावसात हा जीव वाढला त्यांची खूण त्याच्या अंगावर स्पष्ट उमटली आहे की नाही, हेच ते शोधीत असत, अशी माझी पुढे खात्री झाली. आणि चांगल्या पुष्परचनेकडेही मी त्याच नजरेने पाहू लागले.

वडील जंगल खात्याच्या कचेरीत कारकून होते, त्यामुळे हद्द, परवाना, मनाई हे शब्द आमच्या घरात मीठमिरचीइतके रोजच्या वापरातले. फुलांचे खाते मात्र आईकडे. भाद्रपदात गौरी यायच्या दिवशी ती मला ओढ्याकाठी तेरडा आणायला पाठवी आणि बजावी, “मुळासकट आण गं, तुटका नको.” तेरड्याची मुळे म्हणजे गौरीची पावले. चिखल धुऊन काढलेली ती तांबूस, पाणीदार मुळे, त्यांच्यावर फुगीर पेरांचे ठिसूळ दांडे आणि दांड्यांना बिलगलेली गुलाबी फुले अशी ती जुडी आई सुपात ठेवी, हळदीकुंकू लावून घरात आणी, आणि तीन दिवस त्या रानवनस्पतीला माहेरवाशिणीचा मान मिळे. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण चंचलतेला उद्देशून म्हणतो खरे. पण आईच्या लेखी ते तीन दिवस भरगच्च होते, आणि तिसऱ्या दिवशी कोमेजलेली जुडी ओढ्याच्या पाण्यात सोडताना तिच्या मुद्रेवर खेद म्हणून दिसत नसे.

लग्नानंतर पुण्यास आले आणि काही वर्षांनी जपानी पुष्परचनेच्या एका प्रात्यक्षिकाला जाण्याचा योग आला. व्यासपीठावर एक मेज, त्यावर उथळ काळसर ताट, ताटात केन्झान, म्हणजे शिशाच्या जड बैठकीवर पितळेचे टोकदार खिळे दाटीने उभे केलेले साधन. प्रात्यक्षिक करणाऱ्या वयोवृद्ध बाई ताटाच्या मागे उभ्या होत्या. प्रेक्षकांना दर्शनी बाजू दिसावी म्हणून त्या सारी रचना पाठीमागून, जणू आंधळेपणाने, करीत होत्या. त्यांनी एक फांदी उचलली, ती हातात फिरवून तिची उजेडाकडे वळलेली बाजू शोधली, तिचे टोक पाण्यात बुडवून पाण्याखालीच कापले, कारण तसे कापल्याने दांड्यात हवा शिरत नाही आणि पाणी वर चढत राहते. मग दोन्ही अंगठे टेकवून ती इतकी अलगद वाकवली, की वाकल्याचा आवाज आला पण मोडल्याचा आला नाही. जाड बुंध्याला खाली चीर देऊन त्यांनी तो आधी खिळ्यांत सरळ रोवला आणि नंतर हवा तेवढा कलता केला.

पुढे मी ही कला रीतसर शिकले. सोफू तेशिगाहारा यांनी १९२७ साली स्थापिलेल्या सोगेत्सु संप्रदायात प्रारंभीचे माप असे, की ताटाची रुंदी आणि उंची मिळवून जी बेरीज येईल तिच्या दीडपट मुख्य फांदी घ्यावी, तिच्या पाऊणपट दुसरी, आणि तिसरी त्याहून आखूड. पहिली जवळजवळ उभी, दुसरी अर्धी कललेली, तिसरी पाण्याकडे झुकलेली. ही मापे हाताला लवकर बसतात. दांड्यांचे पाण्यालगतचे बूड मात्र फार काळ छळते. अभिजात रचनेत सारे दांडे पाण्याच्या पृष्ठावर एकवटून, एकाच मुळातून फुटल्यासारखे वर यावे लागतात. कापलेल्या वनस्पतीला पुन्हा मूळ द्यावे लागते म्हणा ना. हा नियम प्रथम कानी पडला तेव्हा मला आईचे सूप आठवले, आणि ही विद्या परकी आहे ही भावना त्या क्षणी कायमची गळून पडली.

ती तशी परकी नाहीच. बुद्धमूर्तीपुढे फुले वाहण्याची आपल्याकडची रीत धर्माबरोबर चीनमधून जपानला पोहोचली, आणि क्योटोच्या रोक्काकुदो मंदिरातल्या इकेनोबो पुरोहितांच्या हातून त्या पूजेची कला झाली. त्या घराण्यातल्या सेनकेईने १४६२ साली केलेल्या रचना पाहण्यास नगरजन लोटले, अशी नोंद तत्कालीन एका भिक्षूच्या रोजनिशीत आहे. याच परंपरेत कमळाची एक रचना आहे: वाळून फाटलेले पान भूतकाळाचे, पूर्ण उमललेले वर्तमानाचे आणि अजून गुंडाळलेले भविष्याचे. किडीने खाल्लेले पान आपण देवाला वाहत नाही. तिथे शरद ऋतूचा दाखला म्हणून ते मुद्दाम निवडून घेतात. नववर्षाला पाइन, बांबू आणि प्लम, मार्चमध्ये पीच, मे महिन्यात आयरिस, सप्टेंबरात शेवंती. उन्हाळ्यात ताटातले पाणी अधिक मोकळे ठेवतात, पाहणाऱ्याला गारवा वाटावा म्हणून.

आणि म्हणूनच आपल्याकडच्या मांडवांत जरबेराच जरबेरा पाहिला की मी मनातून खट्टू होते. तळेगावच्या हरितगृहांतली फुले निर्दोष असतात, त्यांच्या मागे शेतकऱ्याचे कष्ट असतात, बाजारात त्यांचा मान रास्तच आहे. पण प्लास्टिकच्या छताखाली बारमाही उमलणारे फूल माघाचे की आषाढाचे हे सांगू शकत नाही. ज्या कलेचा प्राणच ऋतू आहे, तिच्यात ते मुके राहते. आपल्या डोंगरांत काय उणे आहे? वैशाखात ताम्हण आणि बहावा, पावसाच्या तोंडाशी कुडा, श्रावणात कळलावीच्या पिवळ्या-तांबड्या ज्वाळा, भाद्रपदात सोनकीने पिवळे झालेले सडे, दिवाळीच्या सुमारास खुरासणीची शेते, शिशिरात पानाशिवाय पेटलेला पांगारा. आणि सात वर्षांतून एकदा निळी-जांभळी फुलणारी कारवी, जी बी धरून मरून जाते.

यातले पुष्कळसे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे आणि तिथले पानही तोडू नये हा हुकूम मला सर्वथा मान्य आहे. कारकुनाची मुलगी मी, हद्दीचे मोल मला कुणी शिकवायला नको. परंतु शेताचे बांध, घराची परसे, रस्त्याकडेचे तण एवढ्यातही एक वर्ष सहज मावते. आमच्याकडे कारवीच्या काठ्यांचे कूड करून ते शेणमातीने लिंपतात. राजूरजवळच्या एका वाडीत असे जुने घर उतरवले तेव्हा घरधनिणीकडून मी मूठभर काठ्या मागून आणल्या. “ह्या वाळल्या काड्यांचं काय करायचं बाई तुमाला?” असे विचारीत तिने वर कुर्डूचे चार वाळके तुरेही दिले.

एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात त्या साली मी त्यातली एक काठी मुख्य रेषा म्हणून उभी केली, पेरांत अडकलेली माती न काढता. तिला कुर्डूची जोड दिली आणि पायाशी नगरकडची पांढरी शेवंती लावली. दांड्यांची बुडे एकवटायला दुपार लागली. परीक्षक बाईंनी चष्मा वर करून ती माती बारकाईने पाहिली आणि ही कुठली, असे विचारले. मी राजूरचे नाव सांगितले, कुडाची रीत सांगितली, कारवी पुन्हा कधी फुलेल तेही सांगितले; त्यांनी ते सारे लिहून घेतले आणि फुलोऱ्याच्या वेळी डोंगर पाहायला कोणत्या वाटेने यावे, याची चौकशी करीत त्या बराच वेळ माझ्याशी बोलत उभ्या राहिल्या.