कण्हाचा शिष्य बलक : कोंडाण्याच्या एका ओळीचा माग

१/
कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात, डाव्या अंगाला, माणसाहून मोठ्या आकाराचे एक मस्तक आहे. चेहरा पार झिजला आहे. शिरोवेष्टनाचे बारीक काम मात्र अजून ओळखू येते. त्याच्या शेजारी ब्राह्मी लिपीत एकच ओळ कोरलेली आहे. आजचा धागा त्या एका ओळीविषयी.

२/
ती ओळ अशी वाचली जाते : ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’. कण्हाचा अंतेवासी, म्हणजे शिष्य, बलक याने केले. एवढेच. राजाचे नाव नाही, वर्ष नाही, दानाचा आकडा नाही. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला एक माणूस आधी गुरूचे नाव लिहितो आणि मग आपले. मी खोपोलीत वाढलो. माझ्या परिसरातील ज्या सर्वांत जुन्या माणसाचे नाव मला ठाऊक आहे, तो हा बलक. म्हणूनच तो कोण होता, हा प्रश्न मला सोडवत नाही.

३/
अशा नावाचा माग काढायचा कसा? रोमन सैन्याचे अभ्यासक हे काम मोठ्या शिस्तीने करतात. रोमच्या साहाय्यक पलटणींना क्रमांक असे आणि बहुधा ज्या जमातीतून त्या प्रथम उभ्या केल्या, तिचे नाव असे. वेल्समधील होल्ट येथे रोमन विटा-कौलांच्या भट्ट्या सापडल्या. तिथल्या एका कौलावर यूलियस अव्हेंटिनस नावाच्या शिपायाने, माती ओली असताना, आपले नाव आणि ‘पहिली सुनिकी पलटण’ अशी ओळख लिहून ठेवली आहे. सुनिकी ही ऱ्हाईनच्या खालच्या खोऱ्याकडची जमात.

४/
वेल्सच्याच दुसऱ्या टोकाला, कार्नार्व्हन गावातील सेगोंटियम या रोमन ठाण्यात एक शिलालेख मिळाला. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात, जुना होऊन ढासळलेला पाण्याचा पाट याच पहिल्या सुनिकी पलटणीने पुन्हा बांधला, असे तो सांगतो. एक कौल आणि एक शिळा. दोहोंवर क्रमांक आणि जमात तीच. त्यामुळे ही जोडणी भक्कम ठरते. विटांवरचे लष्करी शिक्केही याच कारणाने उपयोगी पडतात : ते नाव दुसऱ्या कोणाचे असण्याची शक्यता फार थोडी.

५/
आपल्याकडे असा भरवशाचा ‘शिक्का’ आहे का? आहे, तो गावाच्या नावाचा. खालापूरकडून बोरघाट चढून वर गेले की कार्ल्याचे चैत्यगृह लागते. तिथल्या अनेक खांबांवर दात्यांनी आपले गाव ‘धेनुकाकट’ असे सांगितले आहे. त्यांत स्वतःला ‘यवन’ म्हणवणारेही आहेत. हेच गावनाव तळेगावजवळच्या शेलारवाडीच्या लेण्यात आणि कान्हेरीतही येते. हे गाव नेमके कुठे होते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते कार्ल्याच्याच परिसरात शोधले. पण नाव इतके विरळा आहे, की तीन लेण्यांतील माणसे एका गावाची आहेत हे मानायला अडचण पडत नाही.

६/
याच धेनुकाकटचा एक कारागीर कार्ल्याच्या दाराशी भेटतो : वेणुवासाचा पुत्र सामी. तो स्वतःला ‘वढकी’ म्हणवतो, म्हणजे सुतार (विदर्भातील ‘वाढई’ शब्द आठवा), आणि आपण दरवाजा केल्याचे सांगतो. नाव, बाप, गाव, धंदा, काम : पाच खुणा. सामीला दुसऱ्या कोणाशी गल्लत करून बसवणे अवघड आहे.

७/
आता बलकाकडे परत येऊ. त्याच्याजवळ गाव नाही, धंद्याचे नाव नाही. आहे ते गुरूचे नाव, आणि तेच फार प्रचलित. ‘कण्ह’ म्हणजे कृष्ण. नाशिकच्या एका लेण्यात लेख आहे : सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळी नाशिकच्या महामात्राने ते लेणे करविले. साहजिकच मोह होतो, की कोंडाण्याचा कण्हही तोच असावा. पण राजाचा ‘अंतेवासी’ असणे म्हणजे काय? अंतेवासी हा गुरूजवळ राहून शिकणारा. या ओळीत ‘राजा’ हा शब्दही नाही. नुसत्या नावसाम्यावर ही जोडणी उभी राहत नाही.

८/
दुसरा धागा अधिक मनोवेधक आहे. कोंडाण्यापासून सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरांहून अधिक दूर, कन्नड तालुक्यात, सातमाळा डोंगरांत पितळखोरे लेणी आहेत. १९५०च्या दशकात तिथे साचलेला ढिगारा उपसताना एक हसरा, ठेंगणा यक्ष मिळाला. म. न. देशपांडे यांनी १९५९ मध्ये या लेण्यांचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. यक्षाच्या हातावर लेख आहे : ‘कण्हदासेन हिरमकारेन कता’. कण्हदास नावाच्या सोनाराने केली. सोनाराने दगड घडवावा, हे मूर्तीवरच्या दागिन्यांची नजाकत पाहिली की नवलाचे वाटत नाही.

९/
बलकाचा गुरू कण्ह हाच हा कण्हदास असेल का? काही अभ्यासकांनी ही दोन नावे जोडून पाहिली आहेत. काळ जवळपास जुळतो, दोन्ही लेख मूर्तीशी निगडित आहेत, दोन्हींत ‘केले’ हेच क्रियापद आहे. तरीही कण्ह आणि कण्हदास ही दोन वेगळी नावे आहेत, आणि आपल्या यादीतली खूण ‘पहिल्या सुनिकी पलटणी’इतकी विरळा नाही. म्हणून मी याला शक्यता म्हणेन, निष्कर्ष नव्हे.

१०/
मग हाती ठोस काय उरते? ते क्रियापदच. लेण्यांतील बहुतेक लेख दानाचे आहेत : ‘दानं’, ‘देयधम’. बलक मात्र ‘कतं’ म्हणतो. आणि मथुरेजवळच्या पारखम येथील प्रसिद्ध यक्षमूर्तीवरही अशीच रचना आहे : कुणिकाचा अंतेवासी गोमितक याने केली. तिथे मूर्ती समोरच आहे, त्यामुळे गोमितक मूर्तिकार आहे यात शंका राहत नाही. आधी गुरू, मग शिष्य, मग ‘केले’ : मूर्तिकारांची सही करण्याची ही एक रीत होती. कोंडाण्याची ओळही एका मूर्तीच्या मस्तकाशेजारीच आहे. बलक हा धर्मशिष्य असलेला दाता नसून छिन्नी धरणारा कारागीर होता, असे मी मानतो ते या पुराव्यावर.

११/
एवढ्या काथ्याकुटाने साधले काय? लेणी घडवणारे हजारो हात आपल्याला अनामिक आहेत. त्यांतून दोन नावे वर आली : एक शिकवणारा, एक शिकणारा. कण्हाला घाईने राजा करून टाकले, तर एका राजाच्या यादीत एका लेखाची भर पडेल. पण कोकणात कोण्या गुरूच्या हाताखाली शिष्य घडत होते, याचा हा तुटपुंजा पुरावा आपण आपल्याच हाताने पुसून टाकू.

१२/
राजमाचीच्या वाटेने जाणारे पुष्कळ जण कोंडाण्याला पाच-दहा मिनिटे टेकतात. आपण गेलात तर डावीकडचे ते मस्तक अवश्य पाहा. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू भरू नका, पाणी ओतू नका, बोटांनी गिरवू नका. विजेरी बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरली की उथळ खाचांत सावली पडते आणि अक्षरे वाचता येतात. आधी ‘क’ शोधा : ब्राह्मीतला ‘क’ अधिकच्या चिन्हासारखा दिसतो. ओळीची सुरुवात त्यानेच होते.