डोंगर चढणारी गाडी : नेरळ स्थानक

जुन्नर व आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत आजही रेल्वेचे स्थानक नाही. नारायणगावचा टोमॅटो असो की मंचरचा बटाटा, तो ट्रकनेच बाजाराला जातो. पण भीमाशंकरचा डोंगर उतरून गेले की खाली नेरळ लागते. मुलाबाळांसह एकदा तरी पाहावे असे ते जुने स्थानक आहे.

भीमाशंकरहून गणेश घाटाने खांडसला उतरावे व कशेळेमार्गे नेरळ गाठावे, ही पायी जाणाऱ्यांची वाट. बरोबर म्हातारी माणसे वा लहान मुले असतील, तर पुण्याहून रेल्वेने कर्जतला जाऊन तेथे लोकल धरावी.

नेरळला रेल्वे आली ती १८५६ साली, खोपोलीपर्यंत लोहमार्ग झाला तेव्हा. मोठ्या गाड्यांच्या रुळांशेजारीच येथे दोन फूट रुंदीचे चिमुकले रूळ दिसतात. ते वर माथेरानला जातात. मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांनी १६ लाख रुपये घालून ही रेल्वे बांधवली. १९०४ साली काम सुरू झाले आणि १९०७ साली गाडी धावू लागली.

मार्ग सुमारे २१ किलोमीटरचा. काही ठिकाणी २० फुटांना १ फूट इतका चढ आहे. डोंगराच्या अंगाअंगाने वळणे घेत गाडी चढते. वाटेत बोगदा एकच. जर्मनीहून आणलेल्या वाफेच्या इंजिनांचे आस वळणावर थोडे सरकतील, अशी त्यांची घडण होती. आता ते काम डिझेल इंजिने करतात. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला, तो २००७ साली पुन्हा सुरू झाला. २०१९ साली पावसाने तो पुन्हा बंद पडला. २०२२ साली नेरळहून गाडी परत निघाली.

आपल्याकडची अडचण डोंगराची नाही. पुणे-नाशिक रेल्वे नारायणगावावरून न्यायची योजना होती. पण जुन्नर तालुक्यातच खोडदला आकाशातील अतिशय क्षीण रेडिओलहरी टिपणारी मोठी दुर्बीण आहे. विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे तिच्या कामात व्यत्यय येईल, असा आक्षेप निघाला. हेच कारण देऊन २०२५ साली रेल्वेमंत्र्यांनी मार्ग शिर्डीकडून नेण्याचे सांगितले. दुर्बीण जगाच्या कामाची आहे, ती जपलीच पाहिजे. पण तिला धक्का न लावता आपला माल रुळांवर कसा जाईल, हे विचारण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. कडा चढणारी गाडी डोळ्यांनी पाहिली की तो प्रश्न अधिक नेटाने विचारता येतो.

पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते. म्हणून दिवाळीनंतर, शेतीच्या कामांतून सवड काढून जावे. सकाळी लवकर पोहोचावे, म्हणजे तिकीट मिळते.