सुवर्णदुर्ग, सेव्हर्नड्रूग आणि सुभेदारवाडा

ठाणे-कल्याण परिसरात इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना इंग्लंडातील खानदानी घर प्रथम भेटते ते कादंबरीत. दिवाणखाना, उपवन, तळे सारे डोळ्यांपुढे उभे राहते; ह्या साऱ्याचा खर्च कोठून चालतो, हे सहसा कोणी विचारत नाही. जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफील्ड पार्क'मधील (१८१४) सर टॉमस यांची मिळकत अँटिग्वा बेटावर आहे, एवढ्या धाग्यावरून एडवर्ड सैद यांनी 'कल्चर अँड इम्पीरिअलिझम'मध्ये (१९९३) त्या घराच्या भिंतींपलीकडे पाहिले. ते वाचताना आम्हांला वाटते, की आपल्याला अँटिग्वापर्यंत जाण्याचे कारण नाही.

लंडनच्या आग्नेयेस शूटर्स हिलवर 'सेव्हर्नड्रूग कॅसल' नावाचा त्रिकोणी मनोरा आहे. उंची ६३ फूट, तिन्ही कोपऱ्यांवर षट्कोनी बुरूज, घाट गॉथिक. किल्ला तो केवळ नावाचा. लढाईशी त्याचा संबंध स्मरणापुरताच. जवळच एल्टम येथे सर विल्यम जेम्स यांचे 'पार्क फार्म प्लेस' हे घर होते. १७८३ मध्ये ते वारले आणि त्यांच्या पत्नीने १७८४ मध्ये हे स्मारक उभारले. सेव्हर्नड्रूग म्हणजे आपला हर्णैचा सुवर्णदुर्ग. एप्रिल १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून तो घेणाऱ्या कंपनीच्या आरमाराचे जेम्स हे प्रमुख.

ह्या मोहिमेत पेशव्यांची बाजू सांभाळली रामाजी महादेव बिवलकर यांनी. कल्याणचा सुभेदारवाडा ज्यांच्या नावाशी जोडला जातो, तेच हे सुभेदार. मनोऱ्यावरील लेखात मात्र विजय एकट्या जेम्स यांच्या शौर्याचा आहे. सोबतच्या मराठ्यांचा तेथे उल्लेख नाही, आणि कोकणचा किनारा 'मलबार' झाला आहे.

हा अनुल्लेख पाहून आपण दुखावून घ्यावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. १७५६ मध्ये विजयदुर्गापाशी आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हाही पेशवे इंग्रजांच्याच बाजूला होते. १७७४ च्या डिसेंबरात त्याच इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. पुढे त्याचे कारागृह झाले. म्हणजे लंडनच्या त्या मनोऱ्यात आपण केवळ लुटले गेलेले नाही, भागीदारही आहोत. सैद यांची वाचनपद्धती येथे जशीच्या तशी लागू करता येत नाही, ती ह्यामुळे.

मनोरा जीर्णोद्धारानंतर २०१४ मध्ये लोकांसाठी पुन्हा उघडला. सुभेदारवाड्याचे नाव कल्याणकरांच्या तोंडी आहे ते शाळेमुळे आणि गणेशोत्सवामुळे. एका वास्तूला कोरलेल्या लेखाने जपले, दुसरीला रोजच्या वापराने; अर्धी गोष्ट दोन्हीकडे गळाली. कल्याणचा विद्यार्थी परीक्षेत इंग्रजी घरावर टिपण लिहितो, तेव्हा त्याने परक्याचा सूर लावू नये, एवढीच आमची अपेक्षा. त्या घराच्या हिशेबात त्याच्या गावाचेही एक पान आहे.