थोरली पाती, धाकटी पाती

बेळगावकडच्या वाचकांना देवास हे गाव ठाऊक असतं ते बहुधा कुमारजींमुळे. सुळेभावीला जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ साली आजारी अवस्थेत माळव्यात आले आणि इथलेच झाले. आमचं घराणं इथं आलं ते त्याच्या पुष्कळ आधी, पवारांच्या फौजेबरोबर. आमची मराठी ऐकून तुम्हाला हसू येईल. आम्ही शॉक ॲब्झॉर्बरला 'शॉकर' म्हणतो आणि लेथला 'खराद'. पण भाकरीला भाकरीच म्हणतो, आणि मामाला मामाच.

देवासची एक जुनी मौज अशी की, एकाच गावात दोन संस्थानं होती. तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार बंधूंच्या दोन गाद्या. एक थोरली पाती, दुसरी धाकटी पाती. दोन राजे, दोन राजवाडे, दोन कचेऱ्या, आणि रयत मात्र एकमेकांच्या ओसरीवर बसलेली. १९४८ साली दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली. पण पाती हा शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिला, आणि माझ्या तो भलत्याच ठिकाणी उपयोगी पडला.

मी एकतीस वर्षं स्प्रिंगा वळणाऱ्या कारखान्यात, तपासणी खात्यात काढली. २०१४ साली निवृत्त झालो. आमच्या औद्योगिक वसाहतीत शॉकर बनवणाऱ्या गॅब्रिएलचाही कारखाना आहे, त्यामुळे या गावात स्प्रिंग आणि शॉकर यांवर चहाच्या टपरीवरसुद्धा चर्चा होऊ शकते. तर २०१८ च्या पावसाळ्यात माझी भाची इंदूरच्या कॉलेजातून चार मुलांना घेऊन घरी आली. ही मुलं एक छोटी गाडी बांधत होती. पिथमपूरला, म्हणजे धार जिल्ह्यात, २००७ पासून 'बाहा' नावाची विद्यार्थ्यांची स्पर्धा भरते. मुलांनी स्वतः नळ्या जोडून एका माणसाची गाडी करायची. इंजिन सगळ्यांना सारखंच, दहा अश्वशक्तीचं. आणि शेवटच्या दिवशी मातीच्या, खड्ड्यांच्या वाटेवर सलग चार तास शर्यत. गोव्यात मागे 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन माणसांची फायबरची स्पोर्ट्स कार निघाली होती, ती काहींना आठवत असेल. ही तिची रानटी धाकटी बहीण समजा: छप्पर नाही, दार नाही, नुसता पिंजरा आणि चार चाकं.

अडचण पैशांची होती. बड्या कॉलेजांची मुलं परदेशी हवेचे शॉकर लावतात. चारांची किंमत लाखाच्या पुढे. यांच्याजवळ या कामासाठी वीस हजार होते. त्यांना हवे होते 'कॉइलओव्हर', म्हणजे मधे शॉकर, त्याच्याभोवती स्प्रिंग, आणि आटे पाडलेल्या नळीवर फिरणारं चाक, ज्याने गाडीची उंची कमीजास्त करता येते.

दुसरी अडचण माझ्या मेहुण्यांची. गाडी चालवणार होती भाची. वजनाने ती सगळ्यांत हलकी, आणि हात स्थिर. मेहुणे एका संध्याकाळी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "दादा, स्वस्तातलं काम आहे म्हणे. तुम्ही लिहून द्या की हे मोडणार नाही, मग बसू देतो तिला. नाहीतर नाव काढून घेतो." बहीण आत भाजी चिरत होती, विळीचा आवाज थांबला. मी म्हटलं, "मोडणार नाही असं लिहून देता येत नाही. पण प्रत्येक वस्तू मी स्वतः मोजली, असं लिहून देईन." मेहुणे थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चालेल."

त्या दिवसापासून हे मुलांचं काम राहिलं नाही, माझंही झालं.

मुलांना मी पहिल्या रविवारी पाती समजावून सांगितली. स्प्रिंग ही थोरली पाती. ती वजन पेलते. पण तिचा स्वभाव असा की जेवढं घेते तेवढं सगळं परत देते. खड्ड्यात दाबली गेली की उसळून वर फेकते, पुन्हा खाली, पुन्हा वर. शॉकर ही धाकटी पाती. तो वजन पेलत नाही. त्याच्या आत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. तेल त्या भोकांतून मुश्किलीने जातं, आणि स्प्रिंगची उसळी तिथं ऊष्णता होऊन विरते. एकीवाचून दुसरीचं चालत नाही, आणि एकीने दुसरीचं काम करायचंही नाही.

स्प्रिंगचं गणित मात्र ऐकण्यासारखं आहे. तिची ताठरता तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. आम्ही ठरवली ती तार आठ मिलिमीटरची, वेटोळ्याचा मध्य-व्यास साठ, कामाचे वेढे आठ. गणिताने ताठरता आली दर मिलिमीटरला सुमारे तेवीस न्यूटन. आता तार फक्त एक मिलिमीटर जाड करा, आठाची नऊ, की ताठरता साठ टक्क्यांनी वाढते! म्हणूनच कबाड्याकडून दुसऱ्या गाडीची स्प्रिंग आणून 'जरा जाडच आहे, बरी' असं म्हणणाऱ्याची गाडी दगडासारखी उडते. वेढे कापून स्प्रिंग बुटकी करणारेही पुष्कळ. पण वेढे कमी झाले की ती ताठर होते, आणि कापलेलं टोक नीट बसत नाही ते वेगळंच.

शॉकर आम्ही मोटारसायकलच्या मागच्या चाकाचे घेतले, नवे कोरे. बाजारात जुने शॉकर उघडून, तेल बदलून, पुन्हा बंद करून देणारे असतात आणि त्यांचं कामही बरं असतं, पण आत काय आहे ते मला मोजता येणार नव्हतं. मोटारसायकलचा शॉकर जे वजन झेलतो ते आमच्या एका चाकाच्या वजनाजवळपासच होतं, म्हणून तो निवडला. त्याची स्वतःची स्प्रिंग काढून टाकली. मुलांच्या नकाशात शॉकर जवळजवळ आडवा निजवलेला होता. मी तो उभा करायला लावला. या जातीच्या शॉकरमध्ये तेलावर हवा असते. फार आडवा पडला तर हवा तेलात शिरते, फेस होतो, आणि फेसाला कसला आलाय जोर! उभा केल्याचा दुसरा फायदा भाचीनेच गणित करून दाखवला. चाक जितकं हलतं त्याच्या सहा दशांश शॉकर दबतो. पण चाकापाशी मिळणारी ताठरता सहा दशांश नव्हे, त्याचा वर्ग, म्हणजे छत्तीस शतांश. आधीच्या नकाशात दबण्याचं प्रमाण निम्मं होतं, म्हणजे ताठरता फक्त पाव मिळाली असती. एवढं सांगून ती म्हणाली, "मामा, बरोबर आहे का?" मी म्हटलं, "पुन्हा एकदा करून बघ." तिने केलं. बरोबर होतं.

आट्यांच्या नळ्या आमच्या खरादवाल्या उस्तादांनी केल्या. बेळगावच्या उद्यमबागेत असे हात पुष्कळ असतील. लोखंडाच्या आवाजावरून सांगतील की टूल बोथट झालंय. उस्ताद म्हणाले, "सीधे शॉकर पर वेल्डिंग मार दूँ? आधे घंटे का काम है।" मी नको म्हटलं. शॉकरच्या अंगावर वेल्डिंग केलं की आतलं तेल तापतं, रबरी सील जळतं, बंद नळी फुटूही शकते. म्हणून नळी वेगळी केली, शॉकरवर सरकवून खालच्या कडीवर बसवली. आट्यांचं अंतर दोन मिलिमीटर. चाक एक वेढा फिरवलं की चाकापाशी गाडी सुमारे सव्वातीन मिलिमीटर उचलते. वर दुसरं चाक घट्ट आवळायचं, म्हणजे पहिलं हलत नाही. चार शॉकर ७२०० रुपये, चार स्प्रिंगा ३६००, नळ्या आणि चाकं ४४००, बुश-बोल्ट १०००. एकूण १६,२००.

मग मोजणी. धान्याच्या व्यापाऱ्याकडून वजनकाटा मागून आणला, त्यावर स्प्रिंग ठेवली, वरून जॅकने दाबली. काटा शंभर किलो दाखवी तेव्हा स्प्रिंग किती दबली ते बघायचं. गणिताने बेचाळीस मिलिमीटर यायला हवं होतं. पहिली बेचाळीस, दुसरी एक्केचाळीस, तिसरी त्रेचाळीस. चौथी छत्तीस. मुलं म्हणाली, सहाच मिलिमीटरचा फरक. मी कॅलिपर लावला. तार आठऐवजी आठ पूर्णांक तीन होती. केसाएवढी जाड, पण चौथा घात कोणाला सोडत नाही. ती परत पाठवली, नवी आली, पुन्हा काट्यावर ठेवली. एकेक स्प्रिंग पूर्ण दाबून, सोडून, तीनदा उंची मोजली. चांगली स्प्रिंग पहिल्या दाबानंतर आपली उंची सोडत नाही. सगळे आकडे वहीच्या पानावर लिहिले, खाली सही केली आणि पान मेहुण्यांना दिलं. त्यांनी चष्मा लावून सगळे आकडे वाचले. समजले किती माहीत नाही. पण शेवटपर्यंत वाचले.

जानेवारी २०१९. पिथमपूरच्या चाचणी मैदानावर आज जी ११.३ किलोमीटरची गुळगुळीत भरधाव धाव आहे, तिचं उद्घाटन पुढे २०२१ साली झालं. आमच्या नशिबी मातीचे उंचवटे होते. नातेवाइकांना जाळीबाहेर उभं राहावं लागतं. मी एकच गोष्ट बघत होतो: उंचवट्यावरून उतरल्यावर मागचं चाक किती वेळा हलतं. एकदा खाली, एकदा वर, आणि शांत, तर धाकटी पाती जागी आहे. दोन तास तसंच चाललं. तिसऱ्या तासात मागचं डावं चाक दोनदा हललं, मग तीनदा. तेल तापून पातळ झालं होतं. इतक्या छोट्या शॉकरचं सलग तापणं किती सहन होतं, त्याला हद्द आहे. म्हणूनच ते परदेशी शॉकर महाग असतात. शेजारी मेहुणे उभे होते. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं. "शॉकर थकलाय. स्प्रिंग ठीक आहे. तिला कळलं असेल, तर ती हळू करेल."

पुढच्या फेरीला ती उंचवट्याआधी वेग सोडताना दिसली. मेहुण्यांनी जाळी सोडली. रुमालाने हात पुसले.

क्रमांक वगैरे आला नाही. चार तास पूर्ण झाले, गाडी आपल्या चाकांवर परत आली, एवढंच. अशा शर्यतीत वाटेतच बसलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे 'एवढंच' किती मोठं ते कळेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे धारला गेलो, लाट मशिदीच्या आवारात. तिथं प्राचीन लोहस्तंभाचे तीन तुकडे ठेवले आहेत. सगळे मिळून तेरा मीटरांहून लांब, सात टनांहून जड. दिल्लीच्या प्रसिद्ध स्तंभाहून हा उंच होता. लोखंडाचे गोळे तापवून, ठोकून, एकाला एक जोडून केलेला. तो मोडला कसा याच्या कथा अनेक आहेत. भाची त्या लोखंडावर तळहात ठेवून उभी होती. म्हणाली, "मामा, हे कोणी मोजलं असेल?" मी म्हटलं, "ज्याने केलं त्याने नक्की मोजलं असेल. त्याची वही सापडत नाही, इतकंच."

भाची आता चाकणला एका कंपनीत चाचणी खात्यात आहे. कधीमधी फोनवर आलेख पाठवते, आणि मेहुणे तो माझ्याकडे आणून विचारतात, हे वेटोळं असं का? मी सांगतो. ते वहीचं पान मात्र त्यांनी मला परत दिलेलं नाही. घराच्या कागदपत्रांत ठेवलंय, असं बहीण म्हणते.